लुकलुकणारे हेडलाइट : कारणे व तपासणी

पांढुर्णा आणि सौंसर ही दोन्ही ठिकाणे रात्रीच्या रहदारीची आहेत. नागपूरहून बैतूलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४७ पांढुर्ण्यावरून जातो; सावनेरहून छिंदवाड्याकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४७ सौंसर ओलांडून पुढे सिल्लेवानीचा घाट चढतो. ऑक्टोबर २०२३ पासून ही दोन्ही ठिकाणे नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आली असली, तरी येथील मालाची वाट पूर्वीचीच आहे. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या मागेपुढे तोडणीस येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. दिवसभर तोडलेला माल सायंकाळी भरला जातो आणि पहाटेचा बाजार गाठण्यासाठी गाड्या रात्री मार्गस्थ होतात. कापसाच्या हंगामात त्यांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. नेमक्या याच दिवसांत नदीकाठच्या सखल भागात आणि घाटाच्या वळणांवर धुके उतरते.

अशा रस्त्यांवर अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडीबरोबर आलेला मूळ बल्ब काढून बाजारातील अधिक लख्ख प्रकाशाचा एलईडी किंवा जास्त वॅटचा बल्ब बसविला जातो. पहिले काही दिवस मालक संतुष्ट असतो. मग दिवा लुकलुकू लागतो. कधी तो एंजिन मंद असताना थरथरतो, कधी खड्ड्यात गाडी आदळताच क्षणभर विझतो, तर कधी दहा-पंधरा मिनिटांनी मंदावतो. मालक दुसऱ्या कंपनीचा बल्ब आणतो आणि तोही तसाच वागतो. याचे कारण असे की, दोष पुष्कळदा बल्बमध्ये नसतो. तो बल्बपर्यंत येणाऱ्या विजेच्या वाटेत असतो.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे साध्या हिशेबाने कळेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. अडथळा दृष्टीस पडल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर सरतात. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. दिवा अर्धाच सेकंद विझला, तरी गाडी आठ मीटर अंधारात धावते. तेवढ्या जागेत बैलजोडीसह एक बैलगाडी सहज मावते. आपल्याकडील बैलगाड्यांच्या मागे तांबडी परावर्तक पट्टी क्वचितच आढळते, हेही येथे विसरता येत नाही.

जुना दिवा का लुकलुकत नसे?

हा प्रश्न शाळेतील विज्ञानशिक्षकांना विशेष उपयोगी वाटेल. हॅलोजनच्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून पांढरी होते व प्रकाश देते. तापलेला तवा चुलीवरून उतरविला तरी काही वेळ तापलेलाच राहतो. त्याचप्रमाणे ही तार प्रवाह क्षणार्धासाठी तुटला तरी लगेच थंड होत नाही. वायरिंगमधील बारीकसारीक खंड ती आपल्या उष्णतेत पचवून टाकते. एलईडीची गोष्ट निराळी. तिच्यात तापणारी तार नाही. अर्धवाहक स्फटिकातून प्रवाह गेला की प्रकाश, थांबला की अंधार, आणि हा बदल डोळ्यांच्या पापणीपेक्षा कितीतरी जलद होतो. म्हणजे वायरिंगमधील जो दोष वर्षानुवर्षे लपून राहिला होता, तो नव्या दिव्याने उघड केला एवढेच.

निळ्या एलईडीचा शोध लागल्यानंतरच पांढरा प्रकाश देणारी एलईडी शक्य झाली. या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कारखान्यातूनच एलईडीचे हेडलाइट असलेल्या मोटारी २००७ च्या सुमारास रस्त्यावर आल्या. त्या मोटारींचे वायरिंग, आरसा आणि दिवा यांची रचना मुळातच एकमेकांना धरून केलेली असते. हॅलोजनसाठी घडविलेल्या गाडीत बाहेरून एलईडी बसविताना ही संगती नसते, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तेथे आहे.

प्रकाश स्थिर आहे की स्पंदित, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. अंधारात दिव्यासमोर एखादी पांढरी काडी भराभर हलवावी. काडीचा सलग पट्टा दिसला तर प्रकाश अखंड आहे. काडीच्या अनेक सुट्या प्रतिमा दिसल्या तर दिवा दर सेकंदास अनेक वेळा विझून पेटत आहे. वर्गात हा प्रयोग पाच मिनिटांत करून दाखविता येतो व विद्यार्थी तो घरी जाऊन वडिलांच्या मोटारसायकलवर हमखास करतात.

प्रथम लक्षण, मग पाना

गाडी मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी मालकाने काही गोष्टी स्वतः पाहून ठेवल्या, तर निम्मे काम होते. एकच दिवा लुकलुकतो की दोन्ही? एकच असेल, तर दोष त्या बाजूच्या होल्डरमध्ये, त्याच्या अर्थच्या जोडणीत किंवा खुद्द बल्बमध्ये आहे; अशा वेळी डावा-उजवा बल्ब आपसात बदलून पाहावा. दोष बल्बबरोबर दुसऱ्या बाजूस गेला तर बल्ब सदोष, जागेवरच राहिला तर वायरिंग सदोष. या चाचणीला एक पैसाही खर्च येत नाही, तरीही ती न करता नवा बल्ब विकत घेणारेच अधिक. दोन्ही दिवे एकदम लुकलुकत असतील, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेत, म्हणजे बॅटरी, आल्टरनेटर, फ्यूज, रिले किंवा स्विच यांत शोधावा. एंजिन बंद ठेवून केवळ बॅटरीवर दिवे लावावेत. आता ते स्थिर राहिले आणि एंजिन सुरू होताच थरथरू लागले, तर संशय आल्टरनेटरकडे वळतो. एंजिन बंद असतानाही दोष कायम असेल, तर आल्टरनेटर निर्दोष समजावा.

अर्थची जोडणी

मोटारीत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते, आणि प्रत्येक दिव्यातून गेलेला प्रवाह या सांगाड्यातूनच बॅटरीकडे परततो. या परतीच्या वाटेला मिस्त्री लोक अर्थ किंवा अर्थिंग म्हणतात. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या मोटारीच्या वायरकडे शेतकऱ्याचे लक्ष असते, पण या परतीच्या वाटेकडे कोणाचेच नसते. बाहेरून बसविलेल्या दिव्याची अर्थची वायर पुष्कळदा जवळ दिसेल त्या स्क्रूखाली, रंगावरच दाबून टाकलेली आढळते. रंग हा विजेचा अवरोधक आहे. स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम मिळणारा संपर्क पहिल्या पावसाळ्यात गंजतो आणि दिवा लुकलुकू लागतो.

खराब अर्थची लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. साइड इंडिकेटर लावताच हेडलाइट त्याच्या तालावर मंद-तेज होणे, ब्रेक दाबल्यावर दिव्याचे तेज उतरणे, किंवा डिपर दिलेला असताना मीटरमधील अप्परचा निळा दिवा पुसट उजळणे, ही ती लक्षणे होत. शेवटचे लक्षण चमत्कारिक वाटेल, पण त्याची उपपत्ती सरळ आहे. एच-४ जातीच्या बल्बमध्ये अप्पर व डिपर अशा दोन तारा असून दोघींचे अर्थचे टोक एकच असते. ते टोक तुटले की प्रवाह परतण्यासाठी दुसऱ्या तारेतून आडवाट शोधतो आणि नको तो दिवा अर्धवट पेटतो.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरे. दिवा लावून ठेवावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरे दिव्याच्या होल्डरमधील अर्थच्या टोकास लावावे. मीटरने ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत दाखविले तर वाट मोकळी आहे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दाखविल्यास वाटेत अडथळा आहे. उपाय असा : जोडणी उकलावी, खालचा रंग काचपेपरने घासून पत्रा चकचकीत करावा, वायरच्या टोकास नीट दाबलेला लग बसवून दातेरी वायसर घालून बोल्ट कसावा आणि वरून ग्रीसचा पातळ हात द्यावा. बॅटरीच्या टोकांवर साचणारी पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावी व तोही संपर्क तपासावा. ट्रॅक्टरमध्ये तर थरथरीने बॅटरीची क्लॅम्प सैल होणे ही नित्याचीच बाब आहे.

काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूस असतो व बल्बच्या सामाईक टोकास धन प्रवाह येतो. अशा गाडीत नेहमीच्या जोडणीचा एलईडी मुळात पेटतच नाही किंवा अप्पर-डिपरचा गोंधळ करतो. दिवा विकत घेतानाच ही चौकशी केलेली बरी.

शंभर वॅटचा मोह

एलईडी प्रचारात येण्यापूर्वी ९०/१०० वॅटचा हॅलोजन हा येथील चालकांचा आवडता उपाय होता व अजूनही तो विकला जातो. गाडीबरोबर येणारा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. ६० वॅटला १२ व्होल्टने भागले की ५ अँपिअर; दोन दिव्यांचे १० अँपिअर. तेच १०० वॅटचे बल्ब बसविले की सोळा-सतरा अँपिअर प्रवाह त्याच वायरमधून, त्याच स्विचमधून आणि त्याच प्लॅस्टिकच्या होल्डरमधून वाहू लागतो. होल्डर तापतो, त्याचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन मऊ पडते, आतील पितळी पत्त्यांचा ताण जातो आणि संपर्क सैल होतो. सैल संपर्कात ठिणगी पडते, ठिणगीने कार्बन धरतो, कार्बनने रोध वाढतो व रोधाने उष्णता आणखी वाढते. पुढे मालकाने शहाणपणाने कमी वॅटचा एलईडी आणून बसविला, तरी तो बसतो याच जळक्या होल्डरमध्ये, आणि मग दोष एलईडीच्या माथी मारला जातो.

गंमत अशी की, मंद प्रकाशाची तक्रार घेऊन आलेल्या पुष्कळ जुन्या गाड्यांना मोठ्या बल्बची गरजच नसते. हॅलोजनचा प्रकाश विद्युत्दाबाच्या प्रमाणात सरळ न घटता फार झपाट्याने घटतो. दाब एक दशांशाने उतरला की प्रकाश जवळजवळ तीन दशांशाने कमी होतो. वायरिंगमध्ये केवळ एक दशांश ओहम रोध असला, तरी १० अँपिअर प्रवाहाला तो एक व्होल्ट खाऊन टाकतो. हा हरवलेला व्होल्ट परत मिळविला, तर जुनाच बल्ब नव्यासारखा उजळतो.

त्यासाठी रिले बसवितात. स्विचमधून आता मोठा प्रवाह न जाता रिलेच्या गुंडाळीपुरता किरकोळ प्रवाह जातो. दिव्याचा प्रवाह बॅटरीपासून जाड वायरने थेट येतो. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. ३० क्रमांकास बॅटरीचे धन टोक, ८७ क्रमांकास दिवा, ८५ व ८६ या गुंडाळीच्या टोकांपैकी एकास स्विचची वायर व दुसऱ्यास अर्थ. अप्पर व डिपर यांस स्वतंत्र रिले हवा, आणि बॅटरीजवळच फ्यूज हवाच. फ्यूजऐवजी तारेचा तुकडा गुंडाळणे म्हणजे गाडीला आग लागण्याची तजवीज करून ठेवणे होय. रिले बसवूनही दिवे थरथरत असतील व रिलेतून टकटक आवाज येत असेल, तर रिलेच्या गुंडाळीलाच पुरेसा किंवा अखंड दाब मिळत नाही असे समजावे.

आल्टरनेटर आणि संगणक

आल्टरनेटरमध्ये निर्माण होणारी वीज मुळात उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. डायोड तिला एका दिशेस वळवितात. सहांपैकी एखादा डायोड जळाला तरी बॅटरी कशीबशी भारित होत राहते, पण पुरवठ्यात लाटा उरतात. हॅलोजनला त्या जाणवत नाहीत, एलईडीत त्या थरथरीच्या रूपाने दिसतात. एंजिन सुरू व दिवे चालू असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांस लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला तर आल्टरनेटर तपासून घ्यावा. त्याच वेळी डीसीवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो की नाही, हेही पाहावे.

नव्या मोटारींत दिव्यांचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. बल्ब जळाला आहे की नाही हे जाणण्यासाठी तो वायरमधून क्षणिक स्पंद सोडतो, तसेच काही गाड्यांत दाब कमी ठेवण्यासाठी प्रवाह तुकड्यातुकड्यांनी पाठवितो. एलईडी कमी वीज घेते. तेव्हा संगणकाला बल्ब जळाल्याचा भास होतो. तो डॅशबोर्डवर सूचना देतो किंवा पुरवठा तोडतो-जोडतो. यावर डिकोडर नावाची डबी मिळते. ती स्पंद गाळून पुरवठा सलग करते. दुसरा उपाय म्हणजे दिव्यासमांतर रोध जोडून संगणकाची समजूत घालणे. ६ ओहमचा रोध १२ व्होल्टवर २ अँपिअर प्रवाह घेतो व २४ वॅट उष्णता ओकतो. तो प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडीला लागून बांधल्यास ते वितळेल. तो लोखंडी पत्र्यावरच घट्ट बसवावा. एवढा खटाटोप करून वीजबचत मात्र शून्य होते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

दहा-पंधरा मिनिटांनी मंद होणारा दिवा ही वेगळी जात. एलईडी प्रकाश थंड देते, पण स्वतः पाठीमागे तापते. त्यासाठी तिच्यामागे बारीक पंखा किंवा पितळी-अल्युमिनमच्या पट्ट्या असतात. कच्च्या रस्त्याची धूळ व कापसाचे तंतू पंख्यात अडकले, किंवा मागील रबरी टोपी जबरदस्तीने बंद करून हवा कोंडली, की आतील मंडल जळू नये म्हणून प्रवाह कमी करते. पंखा साफ करून पाहावा. झेनॉनचे दिवे लुकलुकत असतील, तर सुरुवातीस लागणारा जादा प्रवाह वायरिंग पुरवीत नाही असा त्याचा बहुधा अर्थ असतो. परंतु त्याच्या बॅलस्टमध्ये पेटतेवेळी हजारो व्होल्टचा दाब असल्याने घरच्या घरी तो उघडू नये.

मोटारसायकल

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत एंजिन चालू असेतो हेडलाइट आपोआप पेटता राहतो. जुन्या मोटारसायकलींत मात्र हेडलाइटला बॅटरीची वीज न मिळता थेट मॅग्नेटोची एसी वीज मिळते. म्हणूनच एंजिन मंद होताच दिवा मिणमिणतो. अशा गाडीवर डीसीचा एलईडी लावला तर तो प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात पेटतो. मॅग्नेटोत चुंबकध्रुवांच्या चार जोड्या आहेत व एंजिन मिनिटास १,२०० फेरे घेत आहे असे समजल्यास सेकंदाला ८० स्पंद होतात. वेग उतरेल तसे ते घटतात व डोळ्यांना शीण देतात. एसी व डीसी दोन्हींवर चालणारा दिवा घेणे, किंवा योग्य रेक्टिफायर बसवून हेडलाइट बॅटरीवर आणणे, हे यावरचे उपाय. दुसरा उपाय करताना मॅग्नेटोची क्षमता मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. अन्यथा दिवा उजळतो आणि बॅटरी आठवड्यात बसते.

समोरच्याचे डोळे

दिवा स्थिर झाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक लहान कटोरी असते. तिच्यामुळे वर जाणारा प्रकाश कापला जातो. पुष्कळशा स्वस्त एलईडींत प्रकाशाचे उगमस्थान या तारेच्या नेमक्या जागी नसते. परिणामी डिपर दिल्यावरही झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ प्रमाणे दिव्यांनी रस्त्यावरील माणसे व वाहने १५५ मीटरपर्यंत स्पष्ट दिसली पाहिजेत. तर नियम १०६ प्रमाणे झोत कायमचा एवढा खाली वळविलेला असावा की, दिव्यापासून ८ मीटरवर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस व दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू नये. सिल्लेवानीच्या वळणावर समोरून येणाऱ्या बसचालकाचे डोळे दिपले, तर त्याची शिक्षा दिवा लावणाऱ्यालाही भोगावी लागू शकते.

झोत पारखण्यास कार्यालयाची किंवा शाळेची एखादी सपाट भिंत आणि तिच्यासमोरील समतल जागा चालते. चाकांतील हवा योग्य ठेवून गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढावी व तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी. डिपर लावल्यावर प्रकाशाची वरची कड या खालच्या रेघेवर यावी आणि डावीकडे किंचित चढती असावी. ती फेसाटलेली, अस्पष्ट दिसत असेल, तर तो एलईडी त्या आरशाला मानवत नाही. बल्ब फिरवून बसवून पाहावा व तरीही कड उमटली नाही तर मूळ हॅलोजन परत लावावा. संत्र्यांची क्रेटे भरलेल्या पिकअपचा मागचा भाग दबतो आणि पुढचा झोत वर उचलला जातो. म्हणून मालवाहू गाडीची ही तपासणी माल भरल्यावर करावी, आणि डॅशबोर्डवर झोताची उंची बदलण्याचे बटण असल्यास भरलेली गाडी निघण्यापूर्वी ते शून्यावरून पुढच्या आकड्यावर फिरवावे.